एक हात म्हणजे एक अंगुळ

२०२३ साली मला त्र्याहत्तर वर्षं पूर्ण झाली होती आणि तोवर "तुम्हाला येत नाही" असं माझ्या तोंडावर कुणी म्हटलेलं नव्हतं. पाठीमागे म्हटलं असेल, ते मी ऐकायला जात नाही. तोंडावर पहिल्यांदा म्हटलं ते माझ्या नातीने, आणि तेही हिंदीत. "आजोबा, आपको नहीं आता." तेव्हा ती आठ वर्षांची होती.

काय येत नव्हतं ते आधी सांगतो.

माझ्या मुलाला लहानपणापासून एक नाद. खोक्यात प्लॅस्टिकचे बारीक बारीक भाग येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की खऱ्या विमानासारखं हुबेहूब छोटं विमान उभं राहतं. कधी जहाज, कधी मोटार. मुलगा बँकेत लागला, लग्न झालं, डोक्यावरचे केस गेले, नाद काही गेला नाही. पोरगी सहा वर्षांची झाली तशी तिलाही त्याने बरोबर घेतलं. रविवारी बापलेक जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसायचे आणि मी दारातून म्हणायचो, "मॅनेजर झालास, तरी खेळणी सुटली नाहीत." नात मान वर न करता सांगायची, "खेळणं नाही आजोबा. मॉडेल आहे."

त्या वर्षी मुलाची बदली गोरखपूरला झाली. एक विमान अर्धं करून ठेवलेलं. दिवाळीत तो चार दिवस आला, ते पाहुण्यांतच गेले. जाताना पोरीला म्हणाला, "देवदिवाळीला येतो. तेव्हा पुरं करू." देवदिवाळी म्हणजे कार्तिकी पौर्णिमा, अकरा दिवसांवर. पोरगी शाळेतून आली की खोकं उघडायची, भाग मोजायची, खोकं बंद करायची. रोज. माझ्याने ते बघवेना. मी म्हटलं, "आण इकडे. आजोबा करतात पुरं."

मी असं का म्हटलं? कारण या हातांनी मी जन्मभर बांधकामच केलंय. आमचं मराठी घर कित्येक पिढ्या इथे उत्तरेत, नदीकाठी दुर्गाघाटावर. आजोबा, वडील, थोरले दोघे भाऊ, सगळे पोथीवाले, विद्वान. मी चौथीनंतर शाळेतून पळालो, वेदशाळेतूनही पळालो. पण मोठ्या यज्ञाला अग्निकुंड लागतं, विटा आणि मातीचं, आणि ते पोथीने बांधलं जात नाही, हाताने बांधावं लागतं. चौकोनी, गोल, अर्धचंद्र, कमळाच्या आकाराचं. काकांच्या हाताखाली शिकून पन्नास वर्षं मी ती कुंडं बांधली. मंडपात शंभर विद्वान बसलेले असत आणि माझं कुंड झाल्याशिवाय एकालाही तोंड उघडता येत नसे. तर प्लॅस्टिकच्या विमानाची काय कथा!

नात म्हणाली, "आजोबा, पहिले खोक्यातला कागद वाचायचा."

"कागद न वाचणाऱ्यांनीच हा घाट बांधलाय," मी म्हटलं. कागद इंग्रजीत होता, हे खरं कारण.

भाग एका जाळीला जोडलेले असतात. ते छोट्या चिमट्यासारख्या कात्रीने कापायचे असतात. मी हाताने मोडले. मोडताना एक चाक उडालं ते खिडकीतून थेट गल्लीत गेलं. डिंक लवकर धरेना म्हणून मी माझ्याजवळचा, चपलेचा तळ एका क्षणात चिकटवणारा डिंक आणला. चिकटलं! असं चिकटलं की माझं बोटही पंखाला चिकटलं. ते सोडवून बघतो तर चालक बसतो त्या जागेवरची काच, आरपार दिसणारी, तिच्यावर पांढरं धुकं चढलेलं. फुंकर मारली, धोतराने पुसली. धुकं जाईना. आणि पंख उलटा लागलेला.

पोरगी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे सगळं खोक्यात भरलं, खोकं पलंगाखाली सरकवलं आणि ते वाक्य बोलली. मग माझ्याशी बोलणंच बंद केलं. जेवताना माझ्या शेजारचा पाट सोडून आईच्या शेजारी बसली. सून म्हणाली, "बाबा, लहान आहे ती. विसरेल."

"ती विसरेल गं," मी म्हटलं. "मी कसा विसरू?"

दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी घाटावर गेलो. देवदिवाळीसाठी घाटाची धुलाई चालली होती आणि पुराने आणलेल्या गाळाचे ढीग पायऱ्यांच्या कडेला पडले होते. मऊ, राखाडी, लोण्यासारखा गाळ. मूठभर उचलला, दाबला. मूठ उघडली तर माझ्या बोटांच्या रेघा जशाच्या तशा त्यावर उमटलेल्या. मी तसाच मूठ घेऊन घरी पळालो. त्र्याहत्तराव्या वर्षी जिना पळत चढलो!

नात पांघरूण घेऊन पडली होती.

"चिमणे, ऐक. प्लॅस्टिक माझं नाही. माती माझी. मातीचं काय पाहिजे ते सांग, बांधून देतो."

पांघरुणातून आवाज आला. "मातीचं विमान उडत नहीं."

"प्लॅस्टिकचं तरी कुठे उडत होतं?"

हा मुद्दा तिला पटला असावा. एक डोळा बाहेर आला. "अपना घाट होईल?"

"घाट तर घाट!"

"पण स्केलमध्ये पाहिजे. पप्पा म्हणतात, स्केल नसेल तर ते खेळणं."

"स्केल म्हणजे काय, ते मला सांग. मी चौथी पास आहे."

ती उठून बसली. "म्हणजे सगळं एकसारखं छोटं करायचं. असं नहीं की माणूस मोठा आणि घर छोटं. एक गोष्ट जितकी छोटी, तितकंच सब छोटं."

अरे देवा! मी मांडीवर थाप मारली ती सुनेला स्वयंपाकघरात ऐकू गेली. कारण हेच तर मी पन्नास वर्षं केलं होतं. ज्याच्या घरचा यज्ञ असतो त्या यजमानाला हात वर करून उभं करायचं. वर केलेल्या बोटांपासून टाचेपर्यंत दोरी धरायची. दोरीचे पाच भाग केले की एक भाग म्हणजे त्याचा एक हात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत धरलंत तरी तेवढंच येतं. त्या हाताचे चोवीस भाग केले की एक अंगुळ. मग कुंडाची लांबी, रुंदी, खोली, कडेच्या पायऱ्या, सगळं त्याच मापात. उंच माणसाचं कुंड मोठं होतं, ठेंगण्याचं लहान होतं, पण घडण एकच.

"बाई गं," मी म्हटलं, "हे तर आमच्याच घरातलं निघालं! लिहून घे. घाटावरचा एक हात म्हणजे आपल्या फळीवरचं एक अंगुळ."

तिने आईचा फोन पळवला आणि बापाला लावला. "पप्पा, एक हाताचं एक अंगुळ! एका हातात चोवीस अंगुळ असतात!"

तिकडे मुलगा हसायलाच लागला. "अगं, म्हणजे एकास चोवीस! आमच्या मोटारींच्या मॉडेलचा नेहमीचा स्केल आहे तो. आजोबांना कुणी सांगितला?"

फोन मी घेतला. "मला कुणी सांगावं लागत नाही. तुमच्या लोकांनी आमच्याकडून नेला असेल."

ठरलं. माळ्यावर जुन्या दाराच्या दोन फळ्या होत्या, त्यांवर घाट बांधायचा. पण नातीने अट घातली. "अर्धा घाट तुमचा, अर्धा माझा. दोन वेगळ्या फळ्या. पप्पा येण्याच्या आदल्या दिवशी जोडायच्या. आणि माझ्या अर्ध्याला हात नहीं लगाना."

"का गं?"

तिने पलंगाखाली बघितलं. मी पुढे विचारलं नाही. मनाशी मात्र ठरवलं, जोडण्याच्या दिवसापर्यंत हिच्या तोंडून "आजोबा, हात लावा" असं आलं पाहिजे. नाही आलं तर या हातांचा उपयोग काय?

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी आम्ही मापं घ्यायला घाटावर गेलो. मधल्या पायऱ्या आणि दोन्ही अंगांना दोन सारखे चबुतरे, एवढाच तुकडा निवडला. डावी बाजू माझी, उजवी तिची. मी तिला हात म्हणजे काय ते दाखवलं, कोपर कुठे टेकायचं, बोट कुठे संपतं, तिथे खूण कशी करायची. तिला ते इतकं आवडलं की ती दगडावर पालथी पडून मापू लागली आणि मोठमोठ्याने आकडे म्हणू लागली. जवळच एक म्हातारा नावाडी नाव पुसत होता, माझ्याच वयाचा, लहानपणी आम्ही एकत्र उड्या मारलेल्या. तो ओरडला, "का गुरु, घाट नापत हउआ? बेचे के हौ का?"

"विकत घ्यायचाय," मी म्हटलं. "तुझ्या नावेसकट."

तिने आपली मापं वहीत लिहिली. माझी माझ्या डोक्यात. ज्याचं माप त्याने ठेवावं, दुसऱ्याच्या वहीत डोकावू नये, हा माझा नियम.

घरी आल्यावर मी बांबूच्या दोन काड्या तासल्या. प्रत्येकीवर चोवीस खुणा, चोवीस अंगुळं. माझी मापाची काडी मी पन्नास वर्षांत कुणाच्या हातात दिली नव्हती. एक तिला दिली. तिने ती दप्तरात ठेवली, शाळेत नेली आणि बाईंना दाखवली म्हणे.

मग जे चार दिवस गेले, तसे दिवस माझ्या आयुष्यात फार आले नाहीत. मी पहाटे उठून गाळ आणायचो. दोन बादल्या, एकेक करून. सून म्हणायची, "बाबा, घाटच वर आणणार का? छत खाली येईल एक दिवस." गाळ चाळायचा, त्यात थोडं शेण, बारीक भुसा, पाणी, आणि मग मळायचा. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट, विटेच्या मातीपेक्षा मऊ. नातीने पहिल्या दिवशी शेण बघून नाक धरलं, तिसऱ्या दिवशी कोपरापर्यंत आत होती. छतावर माकडांसाठी जाळी आहेच. तिच्या आत दोन टोकांना दोन फळ्या आणि मधे माझ्या जुन्या धोतराचा पडदा. चोरून बघायचं नाही, ही तिची दुसरी अट.

पडद्यापलीकडून आवाज यायचा. "आजोबा, किती पायऱ्या झाल्या?"

"नऊ!"

"माझ्या ग्यारा!"

"घाईने बांधलेला घाट पुरात जातो."

"छतावर पूर नहीं येत."

मी हसत हसत माती ठोकायची थापी चालवायचो. माझी डावी बाजू अशी उतरत होती की काय सांगू. प्रत्येक पायरी अर्धा अंगुळ, कडा सुरीसारखी. चबुतऱ्याखालच्या कमानी मी चमच्याच्या दांड्याने कोरल्या. एका पायरीचा दगड खराच मधे झिजलेला आहे, ती झीजही मी अंगठ्याने उतरवली. कुंडं मी खूप बांधली, पण यज्ञ संपला की ती मोडतात, माती नदीत जाते. हे राहणार होतं. त्या आनंदात मी जेवायला खाली उतरत नसे. सून ताट वर पाठवायची आणि नात पडद्याखालून माझ्या ताटातली भजी न्यायची. बोलणं सुरू झालं होतं. पण शेजारी अजून बसत नव्हती.

देवदिवाळीच्या आदल्या दिवशी सकाळी पडदा काढला. मी आणि सुनेने फळ्या उचलून एकमेकींना भिडवल्या.

जुळल्या नाहीत.

नुसत्या जुळल्या नाहीत असं नव्हे. तिचा घाट माझ्यापेक्षा थोराड होता. माझी विसावी पायरी जिथे संपत होती, तिथे तिची चौदावीच होती. सारखे असलेले दोन चबुतरे, माझा पाच अंगुळं लांब, तिचा सात. जणू एका अंगाला भीमाचा घाट आणि दुसऱ्या अंगाला नकुलाचा.

"वही आण," मी म्हटलं. तिने आणली. चबुतरा, सात हात. पायरी, पाऊण हाताला थोडी कमी.

"चुकलीस तू. चबुतरा पाच हात आहे. पायरी अर्धा हात."

"नहीं चुकले! मी दो बार नापलंय."

"मी पन्नास वर्षं मापतोय."

"तुम्ही विमानाच्या वेळी पण असंच म्हटलं होतं!"

सून मधे पडली, "बाबा, जाऊ दे ना," पण मी कुठला जाऊ देतो! "चल घाटावर," मी म्हटलं. "आत्ता. दाखवतो." पोरगी माझ्यापुढे तरातरा निघाली, कुणाला शिक्षा द्यायला न्यावं तशी.

चबुतऱ्यापाशी पोचलो. मी कोपर टेकलं. एक, दोन, तीन, चार, पाच. बरोबर पाच. "बघ." ती पालथी पडली, कोपर टेकलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. बरोबर सात.

त्याच दगडावर.

नावाडी नाव सोडून बघत उभा होता. तो खो खो हसला. "गुरु, दुन्नो जने सही हउआ!"

मी तिच्या हाताकडे बघत राहिलो. मातीने राखाडी झालेला, माझ्या हाताच्या दोन तृतीयांशाहून जेमतेम मोठा. आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. लख्ख. तिने मापलं होतं तिच्या हाताने आणि बांधलं होतं माझ्या अंगुळाने, कारण काडी मी दिली होती! माझ्या काकांनी मला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट ही, "ज्याचा हात, त्याचंच अंगुळ." सतराव्या वर्षी मी ती एकदा चुकलो होतो. यजमान ठेंगणा आणि काडी माझी. काकांनी सगळ्या मंडपादेखत बांधलेलं कुंड मोडायला लावलं होतं आणि वर कानफटात दिली होती. त्यानंतर कधी चुकलो नाही. मग आता कसा चुकलो? माप घ्यायला मी तिला सांगितलं खरं, पण लेकराच्या हाताला मी हात म्हणून धरलंच नव्हतं. मापाचा हात म्हणजे माझा, तो दुसऱ्या कुणाचाही असू शकतो, हे माझ्या मनातच आलं नाही.

नात माझ्याकडे बघत होती. हा म्हातारा आता काय म्हणतो, ते बघत होती.

"तू बरोबर मापलंस," मी म्हटलं. हे वाक्य बाहेर पडायला फार जोर लागला. "चूक माझी. काडी तुझ्या हाताची करून द्यायला हवी होती. मी माझी दिली."

"मग माझं मोडायचं?" तिने हळूच विचारलं.

शास्त्राने बघितलं तर हो. माझी बाजू हात-अंगुळाच्या हिशोबाने चोख होती, तिची सरमिसळीची. तिचंच मोडायला हवं. वर चढताना मी सबंध जिनाभर तेच घोळवत होतो. छतावर येऊन तिची बाजू पहिल्यांदा नीट बघितली. पायऱ्या वाकड्या होत्या, पण प्रत्येक पायरीवर तिच्या बोटांचे ठसे होते. सगळ्यांत खालच्या पायरीवर तिने काडेपेटीच्या काडीची एक छत्री रोवली होती आणि छत्रीखाली मातीचा एक म्हातारा बसवला होता. पोट सुटलेला. हातात काठी नव्हती, थापी होती.

मी थापी उचलली आणि माझ्या बाजूच्या चबुतऱ्यावर मारली.

"आजोबा, नको!" पोरगी किंचाळली. सून धावत वर आली. तोवर कमानी गेल्या होत्या.

"ऐक चिमणे," मी म्हटलं. "ज्याचा यज्ञ, त्याचा हात. घाट कुणी मागितला? तू. म्हणजे यजमान तू. माप तुझ्या हाताचं. मी फक्त बांधणारा."

"पण तुमचा जास्त चांगला होता."

"ते मला ठाऊक आहे," मी म्हटलं. "पुन्हा करीन. त्याहून चांगला करीन. चल, हात दे!"

तिच्या हाताएवढी दोरी कापली. ती दोरी घेऊन पुन्हा खाली, पुन्हा सगळी मापं. या वेळी ती आकडे सांगत होती आणि मी तिच्या वहीत लिहीत होतो. वाकडं अक्षर, पण लिहिलं. काडी मात्र माझीच ठेवली, कारण तिची बाजू त्याच काडीने झाली होती. हात तिचा, अंगुळ माझं. कुंडाला हे चालत नाही. काका असते तर दुसरी कानफटात बसली असती. पण दोन्ही अंगं एकाच मापाची होणार होती, आणि सब छोटं एकसारखं छोटं, स्केल म्हणजे तेवढंच ना?

मग जी धांदल उडाली! मोडलेली माती पुन्हा भिजवली. सुनेने साडीचा पदर खोचला आणि मळायला बसली. वाळेना म्हणून खालचा पंखा वर आणला. दुपार झाली, माझ्या एकट्याच्या सहा पायऱ्या उठल्या. नात आपल्या फळीपाशी बसून एक कडा सरळ करत होती, ती पुन्हा पुन्हा ढासळत होती. मी बघत होतो, पण हात मांडीखाली दाबून बसलो होतो. अट म्हणजे अट.

"आजोबा," ती म्हणाली.

"काय?"

"ये नहीं हो रहा. हात लावा ना."

मी पाणी लावून अंगठा ओला केला, सरकत सरकत तिच्या फळीपाशी गेलो आणि ती कडा धरली. एवढंच. पण काय सांगू, एखाद्या महायज्ञाच्या कुंडालाही मी इतक्या जपून हात लावला नव्हता. त्यानंतर तुझी बाजू, माझी बाजू, असं काही राहिलं नाही. ती माझ्या पायऱ्यांवर, मी तिच्या चबुतऱ्यावर. सूर्य गेला तेव्हा फळ्या भिडवल्या. विसावी पायरी विसाव्या पायरीला लागली! दोघं असे ओरडलो की शेजारच्या छतावरची माकडं पळाली.

मुलगा देवदिवाळीला दुपारी आला. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून छतावर उभा राहिला. मग खिशातून पोलादी पट्टी काढली. ती त्याच्या खिशात असतेच. पायरी मापली, चबुतरा मापला, फोनवर आकडे दाबले.

"बाबा, हा एकास चोवीस नाही हं. सतराच्या आसपास येतोय. सतरा असा स्केलच नसतो."

आता पोरगी सगळं सांगणार, काडीचं, चुकीचं. सांगू दे, म्हटलं.

"असतो," ती म्हणाली. "माझ्या हाताचा आहे. कारण यजमान मी आहे. आजोबा बांधणारे."

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी नदीकडे बघितलं.

संध्याकाळी, घाटावर दिवे लावायला उतरायच्या आधी, आम्ही आमच्या घाटावर लावले. पणत्या तिने मिरीच्या दाण्याएवढ्या केल्या होत्या, स्केलमध्ये. कापसाची एक तार, काडीच्या टोकाने तेलाचा थेंब. पेटवल्यावर ज्योत छत्रीहून उंच गेली.

"पप्पा, ही स्केलमध्ये नाहीये," ती कुरकुरली.

"आगीला स्केल नसतो," मुलगा म्हणाला. मी ते लक्षात ठेवलं. एवढ्या वर्षांत कुठल्या विद्वानाने मला ते सांगितलं नव्हतं. खाली खरा घाट पेटत होता, वर आमचा. जेवताना ती माझ्या शेजारच्या पाटावर बसली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी अंघोळ करून मी नातीच्या खोलीत गेलो, गुडघे टेकले, पलंगाखालून खोकं बाहेर ओढलं आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. ती डोळे चोळत उठली. मी ती चिमट्यासारखी कात्री उचलून तिच्यापुढे धरली आणि म्हटलं, "कशी धरायची, दाखव." तिने माझा अंगठा आणि बोट नीट जागेवर बसवलं, कागद उघडला आणि पहिली ओळ हिंदीत करून सांगितली. मी दुसरं चाक कापून वेगळं केलं. मोडलं नाही.

"आता धुकं कसं काढायचं?" मी काच दाखवून विचारलं.

"पप्पा उठले की पूछते हैं," ती म्हणाली. "तोवर पंख सोडवा. हळू, आजोबा. हळू."